सातशे वर्षांपूर्वीचे ठाणे आणि एका एकट्या धर्मप्रचारकाची दोन पत्रे

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेली घरे आता मोजण्यापलीकडे गेली आहेत. मूल विमानातून उतरले की घरच्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. जेवलास का, आणि खोलीवर सोबत कोण आहे? नोकरी, पगार, विद्यापीठ हे सारे त्यानंतर. हे दोन प्रश्न जितके साधे तितकेच जुने आहेत. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी युरोप आणि आशियाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आलेले पाच ख्रिस्ती धर्मप्रचारक याच ठाण्याच्या बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच प्रश्न होते. विचारणारी माणसे मात्र कित्येक महिन्यांच्या वाटेवर होती.

चर्चचे मिशन म्हटले की प्रवचन, धर्मांतर आणि त्यावरून होणारे वाद एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. परमुलखात धाडलेल्या धर्मप्रचारकाचा दिवस प्रत्यक्षात बऱ्याच वेगळ्या गोष्टींत जात असे. आसरा देणारे घर शोधणे, बाजारापुरती भाषा शिकणे, ताप अंगावर काढणे आणि पत्राची वाट पाहणे हा त्याचा नित्यक्रम. या दैनंदिन आयुष्याचा जुना लेखी पुरावा दूर कुठे शोधावा लागत नाही. त्यातील एक महत्त्वाचा भाग ठाण्यातच लिहिला गेला आहे.

कल्याणचा परदेशी बिशप

ठाण्याच्याही आधी नाव येते ते कल्याणचे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी हिंदी महासागरात फिरला. पुढे संन्यस्त होऊन त्याने इ. स. ५५०च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला. त्यात 'कल्लियाना' या बंदरात एक बिशप असून त्याची नेमणूक पर्शियातून होते, असा उल्लेख आहे. कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. ते मान्य केले, तर उल्हास नदीच्या काठावर परदेशातून 'बदली होऊन' आलेल्या धर्माधिकाऱ्याचा मुक्काम जवळपास दीड हजार वर्षांपूर्वी होता. तो काय खात होता आणि कोणाशी बोलत होता, याविषयी कॉस्मसने एक अक्षरही लिहिलेले नाही. व्यापाऱ्यांना अशा गोष्टींत रस नसतो.

दैनंदिन तपशील हाती लागतात ते थेट चौदाव्या शतकात. त्या वेळचे ठाणे हे नावाजलेले बंदर होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचे वर्णन करताना येथील कातडी, सुती कापड आणि धूप यांच्या व्यापाराची नोंद केली आहे. येथील राजाचे समुद्री चाच्यांशी संगनमत असून लुटीतील घोडे राजाला द्यायचे, असा करार असल्याचेही तो सांगतो. पुढे यादवांची सत्ता गेली आणि १३२०च्या सुमारास ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. बंदरात आणि सरकारदरबारी फारसी चालत असे. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारा प्रसंग या भाषेवर फिरतो.

पाच जण, दोन संघ

ठाण्यात उतरलेले पाच जण एकाच गावचे तर नव्हतेच, एकाच संघाचेही नव्हते. तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तिघे इटलीतील. चौथा देमेत्रियस हा जॉर्जियातील तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या त्बिलिसीचा. हे चौघे फ्रान्सिस्कन संघाचे होते. पाचवा जॉर्डनस कॅटालानी हा दक्षिण फ्रान्समधील सेवेराकचा आणि डॉमिनिकन संघाचा. त्या काळी युरोपात या दोन संघांमध्ये विद्यापीठातील अध्यासनांपासून दारिद्र्याच्या व्याख्येपर्यंत अनेक बाबतींत चुरस होती. पर्शियातील तब्रीझ आणि आसपासच्या शहरांत मात्र दोन्ही संघांचे मठ होते आणि पूर्वेकडे जाणाऱ्या माणसाला सोबत मिळेल तिची घ्यावी लागे. घरी ज्यांच्याशी वाद, त्यांच्याशीच बाहेर दोस्ती, हा अनुभव परदेशी राहिलेल्या आजच्या मराठी माणसालाही नवा वाटू नये.

त्यांच्यातील थॉमसचे वय साठीच्या घरात होते. दारिद्र्यव्रताबाबतच्या कडव्या मतांमुळे तरुणपणी त्याला स्वतःच्याच संघाने कोठडीत टाकले होते. सुटकेनंतर तो आर्मेनियात गेला. पुढे चीनमधील खानबालिक येथे, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये एकट्याने काम करणाऱ्या मोंतेकोर्विनोच्या जॉनची पत्रे पश्चिमेकडे नेऊन पोपच्या दरबारात पोहोचविण्याचे काम त्याने केले. दुसऱ्याच्या एकटेपणाची पत्रे वाहणारा हा म्हातारा शेवटी स्वतः पूर्वेकडे निघाला. बेत होता दक्षिणेतील कोल्लम बंदर गाठून पुढे चीनकडे जाण्याचा. जहाज लागले ते ठाण्याला.

हा प्रवास कसा होत असे, हे काही काळातच त्याच वाटेने आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कनाने सांगून ठेवले आहे. पर्शियन आखातातील होर्मुझहून तो ज्या जहाजात बसला, त्यात लोखंड औषधालाही नव्हते; फळ्या दोरीने शिवलेल्या होत्या. अशा जहाजातून २८ दिवसांनी तो ठाण्यास पोहोचला. गावाची तटबंदी किंवा देवळे यांच्यापेक्षा त्याच्या लक्षात राहिले ते येथील उंदीर. ते कुत्र्याएवढे मोठे असून मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, त्यांना कुत्रेच पकडतात, असे तो लिहितो. युरोपातील वाचकांनी ही थाप मानली असेल. ठाण्याच्या जुन्या चाळीत राहिलेल्या कोणालाही ही घूस ओळखता येईल.

दार उघडणारे घर

ओडोरिकच्या नोंदीनुसार त्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. हे ख्रिस्ती रोमच्या पोपला मानणारे नव्हते. ते पर्शियातील पूर्वेच्या चर्चचे, ज्यांना युरोपीय लोक 'नेस्टोरियन' म्हणत. रोमच्या दृष्टीने ते पाखंडी होते. तरीही पाचही जणांना आसरा मिळाला तो यांच्यापैकीच एका घरी. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या दोन पंथांमध्ये दरी होती. ठाण्याच्या एका घरात मात्र चूल एकच होती आणि पाहुण्यांना घरातले लोक आपल्या पद्धतीने 'रब्बान' म्हणत.

परदेशी धर्मप्रचारकाच्या आयुष्यात यजमानाचे घर म्हणजे निव्वळ छप्पर नसते. ते त्याचे जामीनदार असते, दुभाषी असते आणि गावात त्याच्याविषयी काय बोलले जाते हे कळण्याची एकमेव खिडकीही तेच असते. अर्थात घराचे सुख वाट्याला येते, तशी घरातील भांडणेही येतात. ठाण्यात नेमके तेच घडले.

जॉर्डनसला इतरांपेक्षा फारसी चांगली येत होती. भडोचच्या बाजूला नावापुरते ख्रिस्ती असलेले, पण बाप्तिस्मा न झालेले बरेच लोक आहेत, असे स्थानिकांकडून समजल्यावर त्याला तिकडे पाठविण्यात आले. मागे चौघे उरले. दरम्यान यजमान पती-पत्नीमध्ये भांडण झाले आणि पतीने पत्नीवर हात उगारला. ती काझीकडे दाद मागण्यास गेली. साक्षीदार कोण, असे विचारल्यावर तिने घरात उतरलेल्या चार परदेशी रब्बानांचे नाव घेतले. साक्षीसाठी बोलावणे आले. पीटर सामानाची राखण करण्यासाठी घरी थांबला आणि तिघे गेले. भांडण बाजूला राहिले आणि प्रश्नोत्तरे धर्माकडे वळली. पैगंबरांविषयी मत विचारले गेले, उत्तर दिले गेले आणि त्या उत्तरातून अटक, छळ आणि अखेर मृत्युदंड ओढवला. ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांना मारण्यात आले आणि दोनच दिवसांनी पीटरलाही. पुढे दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलावून घेऊन या कृत्याबद्दल देहदंड दिला, असे ओडोरिकने म्हटले आहे.

या घटनेकडे नंतरच्या काळात दोन धर्मांमधील संघर्ष म्हणूनच पाहिले गेले आणि तो भाग त्यात होताच. तथापि मूळ वृत्तांत वाचताना ठळकपणे जाणवते ती दुसरीच गोष्ट. परक्या गावात आलेल्या या माणसांचे सारे आयुष्य एका कुटुंबाच्या कलहावर अवलंबून होते. न्यायासाठी काझीकडे गेलेल्या त्या स्त्रीला आपण पाहुण्यांना कोठे नेत आहोत, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. तिचे नाव कोणीही लिहून ठेवलेले नाही. तिच्या मूळ तक्रारीचे काय झाले, याचीही विचारपूस कोणा वृत्तांतकाराने केलेली दिसत नाही.

जिनोआचा तरुण

जॉर्डनस परतला तेव्हा सर्व संपले होते. मृतांना मूठमाती देण्यासाठी त्याच्या मदतीला आला तो जिनोआचा एक तरुण. इटलीतील जिनोआचे व्यापारी त्या काळी पर्शिया आणि पश्चिम भारताच्या बंदरांत वावरत असत. या दोघांनी मृतदेह सोपाऱ्यास नेले आणि तेथील चर्चमध्ये पुरले. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. ठाण्याहून तेथे लोकलने जायचे तर आज दादरला गाडी बदलावी लागते. त्या काळी खाडीचा मार्ग अधिक सरळ होता. दहशतीच्या वातावरणात, कोणतेही कर्तव्य नसताना, एका व्यापारी तरुणाने हे ओझे उचलले. धर्मप्रचारकांच्या इतिहासात अशी माणसे पानोपानी भेटतात आणि बहुधा एकाच वाक्यात निघून जातात.

यानंतरच जॉर्डनसची दोन पत्रे येतात. पहिले पत्र १२ ऑक्टोबर १३२१ चे. ते खंबायतच्या आखातातील गोघा बंदरातून लिहिले असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. तब्रीझ आणि जवळच्या शहरांतील दोन्ही संघांच्या बांधवांना ते लिहिलेले आहे. भडोचला सुमारे नव्वद जणांना आणि ठाणे ते सोपारा या टापूत पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिल्याचा हिशेब त्यात आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती मागणी. सोपाऱ्याला दोघे हवेत, भडोचला दोघे किंवा तिघे, कोल्लमलाही माणसे हवीत. आजच्या भाषेत सांगायचे, तर हा रिक्त पदांचा तक्ताच होता.

दुसरे पत्र जानेवारी १३२४ चे आणि ते ठाण्यातून लिहिलेले आहे. त्याचा सूर पूर्ण बदललेला आहे. सोबत्यांच्या मृत्यूनंतर आपण एकटेच येथे भटकत असून बाहेर पडता आलेले नाही, असे तो कळवितो. या काळात चाच्यांनी त्याला लुटले होते, तो तुरुंगात पडला होता आणि त्याच्यावर खोटे आळ आले होते. संघाचा झगाही अंगावर उरला नव्हता. नुसत्या सदऱ्यावर दिवस काढावे लागले होते. भूक, तहान, ऊन, थंडी, ताप आणि अंगदुखी यांची यादी तो देतो आणि पुन्हा तेच मागणे मागतो, की कोणीतरी या. सुमारे सव्वादोन वर्षांपूर्वी तीन गावांसाठी माणसे मागणारा हा धर्मप्रचारक आता स्वतःसाठीच सोबत मागत होता.

सोबती का हवा?

येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. कॅथलिक धर्मगुरूला सोबती लागतो तो केवळ गप्पांसाठी नव्हे. त्याला स्वतःचा पापनिवेदनाचा संस्कार घ्यायचा, तर समोर दुसरा धर्मगुरूच असावा लागतो. शेकडो लोकांना बाप्तिस्मा देणारा माणूस एकटा असेल, तर स्वतः मात्र कोणापुढे मन मोकळे करू शकत नाही. बीजिंगमधील मोंतेकोर्विनोच्या जॉनने नेमके हेच दुःख लिहिले होते. अकरा वर्षे तो एकटा होता, या काळात त्याला पापनिवेदन करता आले नव्हते आणि युरोपची काही खबर मिळाली नव्हती. त्याने तर आपला सोबती, पिस्तोयाचा निकोलस, वाटेत भारतातच पुरला होता. जॉनची ही पत्रे पोहोचविणारा थॉमस ठाण्यात मारला गेला आणि त्याच्या मागे उरलेल्या जॉर्डनसला तशीच पत्रे लिहिण्याची वेळ आली.

धर्मप्रचारकांना दोघा-दोघांनी पाठवावे, ही प्रथा बायबलमधील येशूच्या आज्ञेपासून चालत आलेली आहे. ती आजही अनेक पंथ पाळतात. अमेरिकेतील मॉर्मन चर्चचे उदाहरण याबाबत बोलके आहे. या चर्चचे तरुण दोन वर्षे आणि तरुणी दीड वर्ष घरापासून दूर सेवेसाठी जातात. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो. उठणे, जेवणे, भाषेचा अभ्यास, दारोदार फिरणे हे सारे त्याच्यासोबतच करावयाचे असते. जोडीदार आपण निवडायचा नसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो बदलतो. त्यामुळे जन्मभराची मैत्रीही याच व्यवस्थेतून जुळते आणि न पटणाऱ्या माणसाशी एका खोलीत राहण्याचे शिक्षणही येथेच मिळते. घरी आठवड्यातून एकदा फोन करण्याची मुभा या चर्चने २०१९ मध्ये दिली. त्यापूर्वी फोन होत तो नाताळला आणि मातृदिनाला. एरवी पत्र किंवा ई-मेल. चौदाव्या शतकाशी तुलना केली तर हेही चैनीचेच म्हणावे लागेल, पण मुलाच्या आईला तसे सांगून पाहावे.

'आंबा' कोणी सांगितला?

जॉर्डनस केवळ रडगाणे गात बसला असता, तर आज त्याची आठवण दोन पत्रांपुरतीच राहिली असती. परंतु पुढे युरोपात परतल्यावर त्याने पूर्वेकडील नवलाईवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. हेन्री यूल यांनी १८६३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. जॉर्डनसच्या रोजच्या आयुष्याची दुसरी बाजू त्या पुस्तकात दिसते.

येथील उकाडा परक्या माणसाला सोसवत नाही, हे तो सांगतो. पाऊस वर्षातून तीनच महिने पडतो, याचे त्याला अप्रूप वाटते. नारळाला तो 'नार्जिल' म्हणतो आणि त्यापासून तेल, दूध, साखर आणि दोर कसे मिळतात, हे बारकाईने सांगतो. ताडीचा उल्लेख 'तारी' असा येतो. फणस इतका मोठा, की एक फळ पाच माणसांना पुरते, ही त्याची नोंद फणस घरी फोडणाऱ्या कोकणी माणसाला थोडी कंजूसच वाटेल. आणि मग येतो 'अनिबा'. मोठ्या अलुबुखाराएवढे, गोडीला शब्द अपुरे पडावेत असे हे फळ. अनिबा म्हणजे आंबा, हे उघड आहे. नकलाकारांच्या हातून मधल्या अक्षराचा खेळखंडोबा झाला असावा.

हे शब्द पुस्तकातून आलेले नाहीत. ते त्याला कोणी तरी, बहुधा फळ हातात ठेवताना, सांगितले असणार. नारळाचा फारसी शब्द बंदरातील लोकांकडून आला, आंब्याचा शब्द देशी माणसाकडून. पत्रांतील जॉर्डनस एकटा आहे; पुस्तकातील जॉर्डनसभोवती माणसे आहेत. पारशी आपले मृत छप्पर नसलेल्या मनोऱ्यात ठेवतात, हे त्याने पाहिले आहे. येथील लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायात चोख असल्याची पावती तो देतो. ज्या भूमीत त्याचे चार सोबती मारले गेले, तुरुंगवास घडला, तिच्याविषयी हे लिहिले आहे, ही बाब उल्लेखनीय आहे. स्थानिक ख्रिस्ती लोकांबद्दल मात्र त्याचा सूर तक्रारीचा आहे. त्यांना धर्माचे ज्ञान नाही आणि ते संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात, असे तो म्हणतो. ज्यांनी घर दिले त्यांच्याविषयी असे लिहिणे आज कृतघ्नपणाचे वाटेल. पण तो अखेर धर्मगुरू होता आणि चुका काढणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

वसईचा दुभाषी जपानमध्ये

परदेशी मिशन म्हणजे बाहेरून येथे आलेली माणसे, असे समजण्याचे कारण नाही. खाडीपलीकडच्या वसईतून एक मुलगा सोळाव्या शतकातच जपानला गेला. तो मुलगा म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून ते पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली, की धर्मशिक्षणाचे काम त्यांच्यावर सोपविले जाऊ लागले. तरीही येशूसंघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. ते व्यापारात उतरले, त्यात जम बसविला आणि पुढे सर्व सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले.

ज्या भाषेने त्यांना संघात जागा मिळवून दिली नव्हती, तिनेच पुढे त्यांना पुन्हा जपानला नेले. १५९३ मध्ये मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ गेले. त्यात दुभाषी होते वसईचे गार्सिया. पुढील काही वर्षे या फ्रान्सिस्कनांनी क्योटोमध्ये मठ आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालविले. स्थानिकांशी होणारे बोलणे, अधिकाऱ्यांच्या भेटी, रुग्णांची विचारपूस, यातील बरीचशी मदार जपानी जाणणाऱ्या या बंधूवर असणार, हे सांगायला नको. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्यानंतर राजकीय संशयाचे वातावरण तापले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गार्सिया होते आणि बहुसंख्य जपानी होते. परदेशी धर्मप्रचारक आणि त्यांचे स्थानिक सोबती यांचा शेवट तेथे एकाच रांगेत झाला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. वसई २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली असली, तरी त्यापूर्वी ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात हे नाव अभिमानाने घेतले जात असे.

ठाण्यात पुन्हा धर्मप्रचारकांची घरे झाली ती आधी पोर्तुगीज काळात आणि नंतर इंग्रजी अमलात. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८१८ मध्ये ठाण्यात केंद्र सुरू केले. जॉन निकोल्स हे तेथील धर्मप्रचारक. या मिशनच्या शाळांतील पंतोजी बव्हंशी हिंदू असत, काही ठिकाणी बेने इस्रायली. अमेरिकन पाद्रींना मराठी शिकविणारेही येथीलच पंडित. अमेरिकेशी पत्रव्यवहाराला महिन्यांमागून महिने लागत आणि त्या अवधीत पत्र लिहिणाराच जिवंत असेल याची खात्री नसे. मिशनचे एक संस्थापक सॅम्युअल न्यूवेल यांची पहिली पत्नी हॅरिएट भारतात पोहोचून स्थिरावण्याआधीच १८१२ मध्ये मॉरिशस येथे एकोणिसाव्या वर्षी निवर्तली. न्यूवेल स्वतः १८२१ मध्ये पटकीने गेले आणि निकोल्स १८२४ मध्ये. जॉर्डनसने पाचशे वर्षांपूर्वी लिहिलेली तापाची तक्रार तेव्हाही जुनी झालेली नव्हती.

सोबतीसाठी जॉर्डनसने केलेल्या याचनेला ठाण्यात कोणते उत्तर आले? मदत म्हणून खास कोणी आल्याचे दिसत नाही. या सुमारास येऊन गेला तो ओडोरिक, आणि तोही पुढच्या वाटेवर होता. चौघांच्या अस्थी त्याने सोबत घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनमधील झैतून, म्हणजे आजच्या क्वानझोऊ येथील बांधवांकडे पोहोचविल्या. थॉमसला जिवंतपणी गाठता न आलेला चीन अशा रीतीने त्याने मृत्यूनंतर गाठला. ओडोरिक नशीबवान म्हणावा लागेल. आयर्लंडचा जेम्स नावाचा सोबती त्याला लाभला होता. १३३० मध्ये आजारी ओडोरिकने पादुआ येथे आपला सारा प्रवास एका बांधवाला तोंडी सांगितला आणि पुढच्या वर्षी जानेवारीत तो वारला. त्यानंतर उदिने नगरीच्या हिशेबवहीत एक किरकोळ रक्कम खर्ची पडली. 'ओडोरिकचा सोबती' म्हणून ती जेम्सला देण्यात आली होती.

जॉर्डनसही युरोपात पोहोचला. १३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी आव्हिन्याँ येथे त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक केली. उकाडा, ताप, चाचे आणि तुरुंग यांची पूर्ण कल्पना असलेल्या या माणसाला त्याच किनाऱ्यावर परत धाडण्यात आले. या वेळी त्याच्याजवळ बिशपपदाचा अधिकार होता आणि वाटेतील राजांच्या नावे लिहिलेली शिफारसपत्रे होती. त्याच्या स्वतःच्या हातचे त्यानंतरचे एकही पत्र उपलब्ध नाही.